सायकलच्या पोटातली पिशवी

बाजाराच्या दिवशी सौंदडला जरा बाजूला उभं राहून सायकली बघाव्यात. एखाद्या काळ्या डबलदांडीच्या कॅरिअरवर तांदळाची चुंगडी आडवी पडलेली असते, चुंगडीवर टोपली, हँडलला दोन्हीकडे भाजीच्या थैल्या आणि पुढच्या दांडीवर टॉवेल गुंडाळून केलेल्या बैठकीवर नातू. चढ आला की मालक उतरतो, थोडं ढकलतो, पुन्हा बसतो. काही हलत नाही, काही वाजत नाही. चुंगडी बांधलेली असते जुन्या ट्यूबच्या पट्टीनं, आणि त्या पट्टीला गाठ नसते. ताणून दोन-तीन वेढे द्यायचे आणि टोक शेवटच्या वेढ्याखाली खोचायचं. रबर रबराला धरून बसतं.

मी तिथं पहिल्यांदा थांबलो तेव्हा माझ्या सीटमागे 14 लिटरची विकतची बॅग होती. महागडी, काळी, पाणी न शिरणारी. नागपूरहून भंडारा, लाखनी, साकोली करत येईपर्यंत दर पायडलला ती डावी-उजवीकडे झुलत होती. चहाच्या हॉटेलपुढे सायकल टेकवली तेव्हा बाकावरचे एक आजोबा म्हणाले, "भाऊ, शेपूट हालून रायली तुमची." मग त्यांनी आत काय आहे ते विचारलं. मी सांगितलं, कपडे, तंबू, भांडी, स्टोव्ह. "चूल कायले आनली जी? इकडं जेवाले भेटत नाही का?"

पुढचं सगळं पुस्तक म्हणजे या दोन वाक्यांचा पसारा आहे. शेपूट हलू नये म्हणून काय करायचं आणि चूल कशाला आणायची.

बाइकपॅकिंग हा शब्द आपल्याकडे नवा, त्याच्या मागोमाग आलेली दुकानदारीही नवी. अर्थ सोपा आहे. लोखंडी कॅरिअर आणि दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या मोठ्या झोळ्या टाळून सामान सायकलच्या अंगालगत बांधायचं. फ्रेमच्या त्रिकोणात एक पिशवी, सीटमागे एक, हँडलला आडवी वळकटी, जमलं तर पुढच्या चिमट्याला बाटल्या. सायकल अरुंद राहते, वजन मधोमध राहतं, आणि मुरमाच्या रस्त्यावरून, जंगलाकडेच्या पायवाटेवरून, वेळ पडली तर बांधीच्या धुऱ्यावरूनही ती नेता येते. झोळ्यांची सायकल डांबरावर सुखाची असते यात वाद नाही. पण खडबडीत रस्त्यावर कॅरिअरचे स्क्रू ढिले होतात आणि झोळी पहिल्याच करवंदीच्या जाळीत अडकते.

नाव नवं असलं तरी रीत जुनी आहे. थॉमस स्टीव्हन्स 1884 साली सॅन फ्रान्सिस्कोहून उंच चाकाच्या सायकलवर निघाला आणि 1886 च्या अखेरीस योकोहामाला पोचला. वाटेत आपल्या ग्रँड ट्रंक रोडवरूनही गेला. हँडलच्या गाठोड्यात मोजे, एक जादा शर्ट, पिस्तूल आणि रेनकोट. रात्री तोच रेनकोट तंबू आणि तोच अंथरूण. पुढं 1897 साली अमेरिकी लष्कराच्या पंचविसाव्या पायदळ पलटणीतल्या वीस कृष्णवर्णीय सैनिकांनी मिझुला ते सेंट लुइस असे सुमारे 3,000 किलोमीटर सायकलनं पार केले. त्यांच्या फ्रेमच्या त्रिकोणात एक कडक पेटी बसवलेली होती आणि हँडलला अंथरुणाची वळकटी. आज दुकानात जी मांडणी 'नवीन' म्हणून दाखवतात ती हीच.

आपल्या बाजूची गोष्ट मुंबईची आहे. 15 ऑक्टोबर 1923 रोजी सहा पारशी तरुण सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. त्यातले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघं सुमारे 71,000 किलोमीटर फिरून मार्च 1928 मध्ये परत आले. साडेचार वर्षं. आजच्या भाषेत त्यांची कुठलीच वस्तू 'हलकी' नव्हती, सायकली तर नव्हत्याच. त्यांचं पुस्तक 1931 मध्ये आलं. आणि अगदी अलीकडे, 2018 साली, पुण्याची वेदांगी कुलकर्णी ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून निघाली आणि विशीत सुमारे 29,000 किलोमीटर 159 दिवसांत पार करून आली. कॅनडात अस्वल मागे लागलं, स्पेनमध्ये चाकू दाखवून लुटलं. त्या लुटीनंतरही ती पुढं गेली, म्हणजे उरलेल्या सामानात भागलं. सामानाच्या याद्या करणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

मधल्या काळात धंदा कसा उभा राहिला तेही सांगतो, कारण तो शिलाई मशीनवर उभा राहिला. अलास्कात 1987 पासून हिवाळी वाटेवर सायकलींची शर्यत होऊ लागली. बर्फात कॅरिअर आणि झोळ्या चालेनात, म्हणून लोक आपापल्या सायकलीच्या मापानं पिशव्या शिवू लागले. अँकरेजच्या एरिक पार्सन्सनं अशाच शिवता शिवता त्याचा कारखाना केला. आज रेव्हलेट डिझाइन्स या नावानं तो ओळखला जातो. पुढं कॅनडातल्या बॅन्फपासून मेक्सिकोच्या सीमेपर्यंत सुमारे 4,400 किलोमीटरच्या वाटेवर 2008 पासून टूर डिव्हाइड ही शर्यत सुरू झाली आणि या पिशव्या जगभर पोचल्या. थोडक्यात, आपण आज जी वस्तू आयात करतो ती तिकडे घरगुती गरजेतून निघाली. त्यांच्या गरजेची पिशवी आपण पैसे देऊन घेतो आणि आपल्या गरजेची शिवतच नाही, एवढीच माझी तक्रार आहे.

आता शिवण्याकडे येतो. माझा जीव इथं रमतो, म्हणून वाचकानं थोडा धीर धरावा.

सुरुवात पुठ्ठ्यापासून करायची. सायकल भिंतीला टेकवायची, कूलरच्या खोक्याचा पुठ्ठा फ्रेमला मागून लावून धरायचा आणि आतल्या कडेनं पेन्सिल फिरवायची. मग त्या रेषेच्या आत चोहोबाजूंनी अर्धा सेंटिमीटर सोडून कापायचं. मी पहिल्या वेळी हा अर्धा सेंटिमीटर सोडला नाही. कापडाला जाडी असते, शिलाईला जाडी असते, भरलेली पिशवी फुगते हे मला माहीत होतं, पण माहीत असणं आणि कात्री चालवताना आठवणं वेगळं. रुंदी ठेवली 9 सेंटिमीटर, कारण जास्त सामान बसेल असा हिशेब. साकोलीला पोचेपर्यंत दोन्ही गुडघ्यांच्या आतली कातडी लाल. दुसरी पिशवी 6 सेंटिमीटरची केली, तीही पुढं सहा आणि मागं, जिथं गुडघे येतात तिथं, पाच. आजवर तीच चालते आहे.

शिंपी शर्ट-पँट शिवणारा होता. त्याला पुठ्ठा दाखवला तेव्हा तो बराच वेळ सायकलीकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिला. "सायकलच्या पोटात थैली शिवाची म्हन्ता?" मी म्हटलं, होय, आणि चेन उजवीकडं घ्या. आमच्याकडे झिपलाही चेनच म्हणतात. त्यानं वाकून सायकलची चेन बघितली, "ते तं उजवीकडंच हाय जी," म्हणाला. पाच मिनिटं आम्ही दोघं दोन वेगळ्या चेनींबद्दल बोलत होतो.

पहिली सुई तुटली ती पट्ट्याच्या जागी. कापडाचे दोन पदर 16 नंबरच्या सुईला जातात. त्यावर पट्ट्याचे दोन पदर आले की ती दम टाकते. 18 नंबरची घातल्यावर काम झालं. धागा सुती घेऊ नये, एका पावसाळ्यात कुजतो. नायलॉनचा घ्यावा. आणि टाके लांब ठेवावेत, 3-4 मिलिमीटरचे. बारीक टाके मजबूत, असं आपण शर्टावरून शिकतो. जाड लेपाच्या कापडाला मात्र जवळजवळ भोकं पडली की ते सिनेमाच्या तिकिटासारखं त्या ओळीवरच फाटतं. पट्टा जिथं कापडाला जोडला जातो तिथं चौकट घालून आत फुली मारायची. एवढं एक काम मी शिंप्याकडून काढून मोच्याकडे नेलं. त्यानं आरीनं, मेण लावलेल्या दोऱ्यानं ते हातानं शिवलं. शिंप्याची शिलाई दोनदा उसवली, मोच्याची अजून जशीच्या तशी आहे.

कापडाचं म्हणाल तर शाळेची दप्तरं शिवणारे ज्याला मॅटी म्हणतात ते जाड विणीचं कापड सगळ्यात बरं. मिळतं कुठंही, घासलं तरी तग धरतं. निवडणुकीनंतर फुकट मिळणारं फ्लेक्स मोहात पाडतं. पाणी आत घेत नाही, रंगीत असतं, आणि आपल्या पिशवीवर कोणाचं तरी हात जोडलेलं हसू फुकटात मिळतं. पण उन्हाळ्यातली 45 अंशांची उन्हं खाल्ल्यावर घडीच्या जागी त्याला तडे जातात. माझी फ्लेक्सची वळकटी एका वैशाखात गेली. युरियाच्या चुंगडीचं कापड त्याहून लवकर पिठासारखं भुगा होतं. रेक्झिन जड. कॅनव्हास मला आवडतो, पण भिजला की त्याचं वजन वाढतं आणि वाळायला दोन दिवस घेतो.

झिप नायलॉनच्या दातांची आणि जाड घ्यावी, 8 किंवा 10 नंबरची. धातूची झिप धानाच्या बांधीतला चिखल लागला की अडून बसते. तरी कुठल्याही झिपेवर ताण येऊ देऊ नये. पिशवी फुगू पाहते, तो जोर पट्ट्यांनी घ्यावा, झिपेनं फक्त तोंड मिटावं. रनर जड चालू लागला की मेणबत्ती घासायची. आणि पाणी आत येऊच नये म्हणून शिलाईवर डांबर, गोंद, टेप लावण्याचे जे उद्योग मी दोन पावसाळे केले ते वाया गेले. आत एक जाड प्लॅस्टिकची थैली घालावी, तिचं तोंड पिरगाळून दुमडावं. बाहेरची पिशवी भिजू द्यावी.

शेपूट का हलते याचं उत्तर आजोबांनी उठून दिलं होतं, तोंडानं नाही. त्यांनी सीटमागची बॅग हातानं दाबून बघितली. मागचं टोक जड, सीटच्या दांड्याजवळचं टोक पोकळ. जड वस्तू, म्हणजे पाना, पक्कड, ट्यूब, पाणी, चार्जर, हे फ्रेमच्या त्रिकोणात, जितकं खाली जाईल तितकं खाली. सीटमागे कपड्यांसारखं हलकं आणि दाबलं जाणारं, तेही आधी दांड्याकडचं टोक ठासून. हँडलला हलकं आणि फुगीर, कारण तिथलं वजन दर वळणाला हातांना ओढतं. कॅरिअरवरची चुंगडी का हलत नाही? ती आडवी, दोन्ही बाजूंनी सारखी, आणि मागच्या चाकाच्या डोक्यावर बसलेली असते. लोंबत नाही. सीटमागची बॅग लोंबते. हा फरक कुठल्याही भारी कापडानं भरून निघत नाही. त्या दिवशी ट्यूबच्या पट्टीचे दोन वेढे देऊन माझी शेपूट गप्प झाली.

सायकल कुठली घ्यावी, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि मला त्यात सगळ्यात कमी रस आहे. घरात आहे ती घ्यावी. पण घरात काळी डबलदांडी असेल तर काही गोष्टी आधी कळलेल्या बऱ्या. तिच्या वरच्या दोन नळ्यांमुळे पोटाचे दोन भाग होतात, म्हणून एक त्रिकोणी पिशवी बसत नाही. वर एक अरुंद लांबट आणि खाली एक छोटी, अशा दोन शिवाव्या लागतात. तिचे ब्रेक तारेचे नसून लोखंडी सळ्यांचे असतात आणि त्या सळ्या हँडलखालून जातात, म्हणून हँडलला वळकटी घट्ट आवळली की ब्रेक लागून राहतो. वळकटीमागे लाकडाचे दोन छोटे ठोकळे घालून मी ती दोन बोटं पुढं सरकवली. सायकल 20 किलोच्या आसपास भरते आणि पावसात पोलादी रिमवर ब्रेक नावापुरता उरतो. पण तिचे 28 बाय दीडचे टायर मुरमावर चांगले चालतात, आणि कॅरिअर तर तिला जन्मजात असतो. तिथं सीटमागची पिशवी शिवायचा खटाटोप करूच नये.

गिअरची सायकल असेल तर 7 किंवा 8 गिअरची असावी, असं माझं मत. तिचा एखादा भाग तालुक्याच्या दुकानात मिळू शकतो. 11 गिअरच्या कॅसेटसाठी नागपूर गाठावं लागतं. महत्त्वाची गोष्ट मात्र याहून लहान आहे, करंगळीच्या टोकाएवढी. शहरातल्या महागड्या सायकलींच्या ट्यूबला बारीक, लांब तोंडाचा व्हॉल्व्ह असतो. गावच्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला बसत नाही. सोल्युशन आहे, पंप आहे, माणूस आहे, हवा आहे, आणि ती आत जात नाही! पितळेचं एक छोटं अडॅप्टर त्या व्हॉल्व्हवर कायम पिळून ठेवावं. मी ते विसरलो होतो त्या दिवशी 9 किलोमीटर चाललो.

आता चूल. परदेशी याद्यांमध्ये स्टोव्ह, गॅसचा डबा, पाणी गाळायचं यंत्र, तीन दिवसांचं अन्न आणि तंबू असतो. ते वेडे नाहीत. टूर डिव्हाइडच्या रॉकी पर्वतातल्या वाटेवर शंभर-दीडशे किलोमीटर दुकान नाही, नळ नाही, माणूस नाही असे टप्पे येतात. सौंदडहून कुठल्याही दिशेला निघालं तर असा टप्पा नाही. कोहमाऱ्यावरून नवेगावबांधला जा, की देवलगाव करत अर्जुनी-मोरगावला. गावामागून गाव येतं. (अर्जुनी दोन आहेत. महामार्गावरची ती सडक-अर्जुनी, म्हणून पत्ता विचारताना पूर्ण नाव घ्यावं.) प्रत्येक मोठ्या गावात चहाचं हॉटेल, आलुबोंडा, पोहे, हातपंप आणि पंक्चरवाला. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेले तलाव ठायी ठायी आहेत, आणि जिथं तलाव तिथं वस्ती. म्हणून माझ्या यादीतून स्टोव्ह गेला, भांडी गेली, पाण्याच्या चारपैकी दोन बाटल्या गेल्या. पहिल्या फेरीला सामान 13 किलो होतं, आता साडेपाच.

याद्यांत नसलेल्या काही वस्तू मात्र आत आल्या. मच्छरदाणी सगळ्यात आधी. धानाचा मुलूख, तलाव-बोड्यांचा मुलूख, त्यात गोंदिया-गडचिरोलीचा मलेरिया. इथं तंबूशिवाय झोपता येतं, मच्छरदाणीशिवाय नाही. समाजमंदिराच्या किंवा शाळेच्या ओसरीत, आधी विचारून, चार कोपऱ्यांना दोऱ्या बांधल्या की झालं. दोरी जास्त घ्यावी, खांब नेहमी लांबच असतात. पौष-माघात मात्र एक पातळ चादर पुरत नाही. विदर्भ म्हणजे ऊन असं समजून आलेल्या पुण्या-मुंबईच्या मित्रांना गोंदियाची थंडी काय असते ते पहाटे तीनला कळतं. पारा आठ-नऊ अंशांपर्यंत उतरतो. मिठाच्या-साखरेच्या पुड्या, शिट्टी, मागचा लाल दिवा, आणि अर्थात ट्यूबच्या पट्ट्या, चार.

स्टोव्ह न नेण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते ऐच्छिक नाही. 15 फेब्रुवारी ते 15 जून हा जंगलातल्या वणव्यांचा हंगाम. पानगळीच्या जंगलात एक ठिणगी पुरते. त्याच दिवसांत मोहफुलं पडतात, पहाटे माणसं वेचायला येतात आणि अस्वलंही येतात. नवेगाव-नागझिरा हा 2013 पासून व्याघ्र प्रकल्प आहे. राखीव जंगलात वन विभागाच्या परवानगीशिवाय सायकल घालायची नाही, आणि बाहेरच्या रस्त्यांवरही दिवेलागणीनंतर थांबून राहायचं. मी हे कोणाला भिववायला लिहीत नाही. जंगलाला लागून असलेल्या गावातला माणूसही अंधारात सायकल काढत नाही, मग आपण काय वेगळे? महामार्गाची गोष्ट निराळी. पूर्वीचा क्रमांक 6, आताचा 53, हा सुरतेकडून ओडिशाच्या किनाऱ्याकडे जाणारा ट्रकांचा रस्ता; ट्रक जवळून गेला की आधी त्याचा वारा ढकलतो आणि लगेच मागे ओढून घेतो. हँडलवर मोठी वळकटी असेल तर हा झोका दुप्पट लागतो. महामार्ग फक्त ओलांडण्यापुरता वापरावा. सौंदडला रेल्वे आहे, गोंदिया-बल्लारशाह मार्गावरची. सायकल ब्रेकव्हॅनमध्ये रीतसर बुक करून आणता येते. तेव्हा पिशव्या मात्र काढून आपल्याजवळ ठेवाव्यात. सगळे पट्टे दोन मिनिटांत सुटतात की नाही हे घरीच करून बघावं, फलाटावर नको.

पुढच्या पानांत नमुने दिले आहेत, मापांसह. ती मापं माझ्या सायकलीची आहेत, तुमची फ्रेम त्यांना ऐकणार नाही, म्हणून प्रत्येक नमुन्याआधी पुठ्ठ्याचं प्रकरण पुन्हा आलं आहे. वाचक वैतागतील, इलाज नाही. फोटो मुद्दाम वापरलेल्या पिशव्यांचे घातले आहेत. एका फोटोत 9 सेंटिमीटरची ती पिशवीही आहे. सध्या तिच्यात घरातले कांदे असतात.

राहता राहिला शिंपी. त्याच्याकडे जूनमध्ये जाऊ नये, शाळेचे गणवेश असतात. दिवाळीआधी जाऊ नये. दिवाळीनंतर धान कापणी, झाडीपट्टीतली नाटकं आणि मग लग्नसराई, तेव्हा तो तुमचा पुठ्ठा घेईल, खुंटीला अडकवेल आणि "होऊन जाते" म्हणेल. पोळ्याच्या आगेमागे जावं. बाहेर पाऊस असतो, रोवणी झालेली असते, दुकानात गिऱ्हाईक नसतं. सायकल ओली होईल, ती घेऊनच जावं, कारण मधेच त्याला माप पुन्हा बघायचं असतं. आणि 18 नंबरच्या दोन सुया आपल्या खिशात असाव्यात.